जमीनजुमला: प्लॉट कोण मंजूर करतं आणि झोन कोण ठरवतं?

मागच्या वेळी जमिनीच्या प्लॉटिंगवर आणि झोनवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रं आणि व्हॉट्सॅप मेसेज भरपूर आले. बहुतेकांची तक्रार एकच, की पालिकेत गेलो तर सांगतात टीसीपीत (नगर व ग्राम नियोजन खात्यात) जा, टीसीपीत गेलो तर सांगतात सनद कुठाय, सनदेला गेलो तर सांगतात झोनिंग आणा, आणि ह्या फेऱ्यांत नेमकं ठरवतंय कोण तेच कळत नाही. म्हणून आधी तेवढं सांगते आणि मग प्रश्नांकडे वळते.

गोव्यात झोन पालिका ठरवत नाही आणि पंचायतही नाही. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली जे नकाशे होतात त्यांत झोन, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते, असतं. खेड्यांसाठी रिजनल प्लॅन २०२१, आणि पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को अशा प्लॅनिंग एरियात पीडीएने (शहराच्या नियोजन व विकास प्राधिकरणाने) केलेला ओडीपी, म्हणजे शहराचा विकास आराखडा. प्लॉट पाडायला मंजुरी पण तेच देतात, म्हणजे शहरात पीडीए आणि बाहेर टीसीपीचं तालुका ऑफिस. जमीन बिगरशेती करायची सनद कलेक्टर किंवा डेप्युटी कलेक्टर देतो, तो कायदा वेगळा, १९६८ चा लँड रेव्हेन्यू कोड. आणि ह्या सगळ्यानंतर बांधकामाचं लायसन्स तेवढं पालिका किंवा पंचायत देते. चार निर्णय, तीन जागी, आणि एक हातात आला म्हणून पुढचा आपोआप येत नाही. नगरसेवकाच्या दारात जाऊन “आमचा झोन बदला” म्हणण्यात लोकांची वर्षं जातात ती ह्यामुळेच.

प्रश्न (फोंडा): वडिलांच्या नावावर ३२०० चौ. मी. भाट (बागायती जमीन) आहे. वडील वारले, आई आहे, आम्ही तीन भाऊ एक बहीण. मधल्या भावाला त्याचा वाटा विकायचाय, गिऱ्हाईक पण तयार आहे. आम्ही स्टॅम्प पेपरवर आपापसात वाटणी लिहून सह्या केल्या तर चालेल का, की प्लॉट पाडायची परवानगी काढावीच लागेल?

स्टॅम्प पेपरवर नाही चालणार, आणि त्याआधी मधल्या भावाचा वाटा किती ते तरी नीट बघा, कारण मला वाटतं तुम्ही चार भावंडं म्हणून चार भाग धरलेत आणि प्रत्येकी ८०० असा हिशेब मनात आहे. गोव्याच्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे अर्धं भाट आईचंच आहे, ते वारसा म्हणून नाही, तिचं स्वतःचं म्हणून. वडिलांचं अर्धं तेवढं चार मुलांत वाटायचं, आणि बहिणीचा भाग भावांइतकाच. म्हणजे मधल्याच्या वाट्याला ४०० चौ. मी. येतात. आणि तो विकणार तर त्याच्या बायकोची सही लागणार, तुमच्या वाटणीच्या कागदावर तुमच्या सगळ्यांच्या नवरा-बायकोंच्या सह्या लागणार. हे आधी वारसा दस्ताने किंवा इन्व्हेंटरी (कोर्टातून मालमत्तेची यादी आणि वाटणी) करून पक्कं करा, त्याचा कायदा २०१२ चा आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या महसुली नोंदीवर) नाव आहे एवढ्यावर विसंबू नका, उतारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, उलट काही सिद्ध झालं नाही तोवर ते खरं धरतात इतकंच.

आता परवानगी. तुमचा सर्वे नंबर घेऊन झोनिंग सर्टिफिकेट मागा, जागा फोंड्याच्या ओडीपीत येत असेल तर पीडीएत, नाहीतर टीसीपीच्या तालुका ऑफिसात. हे पहिलं करा, आर्किटेक्टला पैसे देण्याच्याही आधी, कारण सर्वे नंबरची हद्द आणि झोनची हद्द एक असतेच असं नाही, कितीतरी भाटांचा रस्त्याकडचा पट्टा सेटलमेंट (वस्तीचा झोन) आणि मागचा भाग ऑर्चर्ड (बागायतीचा झोन) असतो आणि मग प्लॉट फक्त पुढच्या पट्ट्यात पडतात. चार जणांनी उभे चार तुकडे करून घेतले की एकाच्या पदरात सगळी ऑर्चर्ड येते आणि भांडण सुरू.

झोन सेटलमेंट निघाला तर नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनियरकडून लेआउट काढून अर्ज करायचा, सोबत एक-चौदा, सर्वे प्लॅन, मालकीचे कागद, जमीन उताराची असेल तर कंटूर प्लॅन. मग ऑफिसचा माणूस जागेवर येतो आणि तो काय बघतो ते तुम्हीच आधी बघून ठेवलं तर निम्मा वेळ वाचतो. जागेला सार्वजनिक रस्त्यापासून पोच आहे का आणि ती किती रुंद, पावसाचं पाणी कुठून जातं, उतार २५ टक्क्यांहून जास्त आहे का (तेवढ्या उतारावर डेव्हलपमेंट मिळत नाही), वरून विजेची हाय टेन्शन लाईन जाते का, आणि शेजाऱ्यांची जुनी वाट तुमच्या भाटातून जाते का. पोचीवर सगळ्यात जास्त फायली अडतात. आपल्याकडे जुन्या घरांना दोन माणसं शेजारी चालतील एवढी वाट असते, आणि प्लॉटिंगला आतला रस्ता साधारण ६ मीटरपासून पुढे लागतो, प्लॉट जितके जास्त आणि रस्ता जितका लांब तितकी रुंदी वाढते. तुमची जमीन ४००० चौ. मी. च्या खाली आहे म्हणून १५ टक्के मोकळी जागा सोडायची अट तुम्हाला लागणार नाही, पण रस्त्यात जमीन जाणारच, तेव्हा मधल्याचे ४०० आहेत ते कागदावर ४०० राहणार नाहीत, रस्ता सगळ्यांच्या वाट्यातून वजा करायचा की कसा ते आत्ताच बोलून लिहून घ्या.

सगळं ठीक असलं की आधी प्रोव्हिजनल मंजुरी मिळते. ती शेवटची नव्हे! तिच्यावर सनद काढायची, रस्ता, गटार प्रत्यक्ष जमिनीवर करायचं, मग ते बघून फायनल मंजुरी, मग सर्वेत विभागणी होऊन वेगळे नंबर पडतात आणि तेव्हा कुठे मधल्याचा प्लॉट हा प्लॉट होतो. गिऱ्हाइकाला सांगा थांबायला. थांबत नसेल तर जाऊ द्या त्याला, दुसरा येईल.

प्रश्न (कुडचडे): आमची जागा सेटलमेंट झोनात आहे, झोनिंग सर्टिफिकेट हातात आहे, तरी सनद कशाला मागतात? एकदा सेटलमेंट म्हटलं की घर बांधायची जागा झाली ना?

नाही झाली. झोन सांगतो की इथे घर होऊ शकतं, आणि महसुलाच्या दप्तरात तीच जमीन अजून शेतीचीच आहे. ती बिगरशेती करायची म्हणजे लँड रेव्हेन्यू कोडच्या कलम ३२ खाली सनद. त्यासाठी मामलेदार, टीसीपी, वनखातं असे रिपोर्ट मागवतात, फी भरायची, आणि मोजणी होऊन सनदेला नकाशा जोडतात. वनखात्याचा रिपोर्ट पुष्कळांना अनपेक्षित असतो, पण खाजगी जमिनीत पण जंगल असू शकतं. त्याचे निकष ठरलेले आहेत, ७५ टक्के झाडं जंगली जातीची, झाडांची दाटी ०.४ च्या खाली नाही, आणि क्षेत्र निदान ५ हेक्टर किंवा सरकारी जंगलाला लागून. तुमची जागा लहान असली तरी ती मोठ्या रानाचा तुकडा असेल तर प्रश्न येतो.

प्रश्न (डिचोली): एका पार्टीने डोंगराच्या कडेला मोठी ऑर्चर्ड जमीन घेऊन त्याचे ५००-५०० मीटरचे प्लॉट आखलेत, दगड पण पुरलेत, रस्ता जेसीबीने काढलाय. ब्रोकर म्हणतो आत्ता “अनडिव्हायडेड शेअर” म्हणून सेल डीड करू, वर्षभरात झोन बदलून सेटलमेंट होईल, मग भाव तिप्पट. मुलासाठी घ्यावा असं वाटतंय, पैसे पीएफचे आहेत. घेऊ का?

नका घेऊ. पीएफचे पैसे आहेत म्हणून मुद्दाम स्पष्ट लिहिते, ह्यात पैसे घालू नका.

दगड पुरले आणि रंगीत नकाशा छापला म्हणजे प्लॉट होत नाहीत. मंजूर सबडिव्हिजन नसेल तर तुम्हाला मिळणार तो अख्ख्या जमिनीतला तीन-चार टक्के हिस्सा, कुठला कोपरा तुमचा ते कायद्याने कुठेच लिहिलेलं नसणार, आणि बाकीचे वीस-तीस जण तुमचे सहमालक. उद्या त्यातल्या एकाने दावा घातला की सगळ्यांची जमीन अडकली. नियोजन कायद्यात कलम ४९(६) आहे ते नेमकं ह्याच धंद्यासाठी, जमिनीचा भाग किंवा असा हिस्सा विकताना सबरजिस्ट्रारला टीसीपीची किंवा पीडीएची एनओसी लागते. ब्रोकरला एकच सांगा, ४९(६) ची एनओसी दाखव. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो, तो फोन उचलायचाच बंद होतो.

दुसरं, डोंगर. कलम १७ए खाली डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला चीफ टाउन प्लॅनरची आधी परवानगी लागते. जेसीबीने रस्ता काढला म्हणता, तर ती परवानगी आहे का? नसेल तर तिथे नोटीस लागेल तेव्हा तुमचं नाव सहमालक म्हणून त्या कागदावर असेल. ऑर्चर्डमध्ये फार्महाऊस मिळतं पण त्याला निदान ४००० चौ. मी. लागतात, ५०० मध्ये काहीच नाही.

आणि “वर्षभरात झोन बदलेल” हे. कोण बदलणार, कुठल्या कलमाखाली, अर्जाचा नंबर काय, हे विचारा. २०२३ मध्ये कायद्यात १७(२) घातलं, कारण दिलं की रिजनल प्लॅनमध्ये अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करायच्या, आणि त्याखाली एकेका मालकाच्या अर्जावर शेत, ऑर्चर्ड, नॅचरल कव्हर (झाडाझुडपांची जमीन) ह्याचं सेटलमेंट होत गेलं. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम रद्द केले आणि त्या कलमाला मर्यादा घातली. म्हणजे ज्यांनी “होणारच आहे” म्हणून आधीच पैसे मोजले त्यांचं काय झालं असेल बघा. झोन बदलला म्हणून सही झालेली जमीनसुद्धा कोर्टात परत अडकू शकते, इथे तर अजून अर्जाचाही पत्ता नाही. होणाऱ्या झोनचा भाव आज कधीच देऊ नका.

माझं म्हणणं, त्याच पैशात मंजूर लेआउटमधला छोटा प्लॉट बघा, २०० मीटरचा असला तरी चालेल, त्याला फायनल मंजुरी, सनद आणि वेगळा सर्वे सबडिव्हिजन नंबर हे तीन कागद असले म्हणजे मुलगा उद्या बँकेत लोनला उभा राहू शकेल.

प्रश्न (म्हापसा): शेजारच्या जमिनीत बिल्डरने प्लॉटिंगचा अर्ज केलाय असं कळलं. आमची वाट आजोबांच्या काळापासून त्या जमिनीतून जाते, आणि पावसाळ्यात वरच्या वाड्याचं सगळं पाणी तिथल्याच पाणंदीतून वाहतं. आम्हाला कोणी विचारलं नाही. मंजुरी झाल्यावर पालिकेत तक्रार करावी का?

मंजुरी झाल्यावर नको, आत्ता करा, आणि पालिकेत नको, पीडीएत करा. खाजगी जमिनीच्या सबडिव्हिजनला शेजाऱ्यांना बोलावून सुनावणी घेतलीच पाहिजे असं नसतं, त्यामुळे तुम्हाला कोणी विचारणार नाही, तुम्हालाच जाऊन सांगावं लागेल. अर्ज मेंबर सेक्रेटरीच्या नावाने, त्यात सर्वे नंबर, वाट कुठून कुठे जाते त्याचा हाताने काढलेला नकाशा, फोटो, जुन्या सर्वे प्लॅनवर वाट दाखवलेली असेल तर त्याची झेरॉक्स, वाट वापरणाऱ्या घरांच्या सह्या. इनवर्डचा शिक्का आपल्या कॉपीवर मारून घ्या, तो शिक्का हेच तुमचं बळ आहे, पुढे कोर्टात गेलात तरी पहिलं विचारतील की वेळेवर लेखी सांगितलं होतं का.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. मंजुरीच्या कागदावर खाली अटी असतात आणि त्यांत जागेतून जाणारी पारंपरिक वाट अडवू नये अशी अट सहसा असते, पाण्याच्या निचऱ्याची असते, खोटी माहिती दिली तर मंजुरी रद्द होईल अशी पण असते. म्हणजे तुमची वाट नकाशात न दाखवता मंजुरी घेतली तर ती खोटी माहिती झाली. माहिती अधिकारात १० रुपये भरून त्या फाईलची कॉपी मागा, लेआउट आणि साइट इन्स्पेक्शनचा रिपोर्ट दोन्ही, ३० दिवसांत द्यावी लागते. आणि मंजुरी नसताना काम सुरू झालेलं दिसलं तर कलम ५२ खाली नोटीस काढा असं पीडीएला लिहा, फोटोवर तारीख असू द्या.

पाण्याचं मात्र वाटेपेक्षाही जास्त लावून धरा. वाट बंद झाली तर दुसरीकडून तरी वळून जाता येतं, पाण्याला नाही येत, ते तुमच्या घरात येतं. म्हापशात, पर्वरीत, सगळीकडे हेच चाललंय, भराव घालून प्लॉट वर उचलतात आणि खालच्या वाड्यात जूनमध्ये गुडघाभर पाणी.

प्रश्न (पेडणे): मोपा विमानतळ झाल्यापासून आमच्या गावात जमिनी हातोहात जातायत. आता ऐकतो की काही शेतांचा आणि डोंगराचा झोन बदलायला अर्ज गेलेत. ग्रामसभेत आम्ही ठराव घेतला की झोन बदलायचा नाही. हा ठराव पुरेसा आहे का? आणि असे अर्ज गेलेत ते आम्हाला कळणार तरी कसं?

ठराव घेतलात ते फार चांगलं केलंत, पण तो पंचायतीच्या वहीत राहिला तर काही उपयोग नाही. झोन बदलायचा निर्णय टीसीपी बोर्ड आणि सरकार घेतं, ग्रामसभेचा ठराव त्यांना बांधून ठेवत नाही. पण हरकत म्हणून तो फाईलवर गेला तर त्याची दखल का घेतली नाही ते पुढे विचारता येतं, आणि हाच फरक आहे.

सध्या ज्याच्यावरून सगळीकडे बोललं जातं ते कलम ३९ए, २०२४ मध्ये आलेलं. रिजनल प्लॅनमधला किंवा ओडीपीतला झोन बदलायचा प्रस्ताव आला की नोटीस काढून सूचना-हरकतींसाठी ३० दिवस द्यायचे, मग बोर्ड बघतं, मग सरकार. ह्या कलमाला कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि लोक रस्त्यावर पण उतरलेत, म्हणून हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा त्याची काय परिस्थिती आहे ते टीसीपीत विचारून घ्या. पण काहीही झालं तरी नोटीस आणि हरकतीची मुदत हा भाग नियोजनाच्या कायद्यात ह्या ना त्या रूपात राहतोच, तेव्हा तो वापरायची सवय गावाला लागलीच पाहिजे.

कसं कळणार? सरकारी राजपत्रात येतं. राजपत्र इंटरनेटवर फुकट वाचता येतं, टीसीपीची वेबसाइट आहे. गावातल्या दोन-तीन तरुणांनी वाटून घ्या, आठवड्यातून एकदा कोणीतरी बघायचंच, आणि पेडणे तालुका, आपल्या गावाचं नाव, सर्वे नंबर दिसला की त्याच दिवशी गावच्या ग्रुपवर टाकायचं. नोटिशीत नुसता सर्वे नंबर, क्षेत्रफळ आणि कुठल्या झोनातून कुठल्या झोनात एवढंच असतं, त्यामुळे वाचून काही डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून गावाचा सर्वे प्लॅन पंचायतीत भिंतीवर लावा आणि नंबर आला की त्यावर रंग भरा. लोकांना आपली झर आणि आपली चढण दिसली की मग कोणाला समजावत बसावं लागत नाही.

हरकत कशी लिहायची ते महत्त्वाचं आहे. “गावाचा विरोध आहे” ह्या एका ओळीच्या शंभर सारख्या कॉप्या पाठवण्यापेक्षा वेगवेगळ्या दहा हरकती खऱ्या माहितीच्या पाठवा. ही जागा रिजनल प्लॅन २०२१ मध्ये कशात आहे ते लिहा. भातशेत, खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन), जंगल, खारफुटी, पाण्याच्या जागा इको झोन १ मध्ये येतात, आणि ऑर्चर्ड, नॅचरल कव्हर, मिठागरं, तीव्र उतार हे इको झोन २ मध्ये. तिथे झर आहे का, विहिरी कुठल्या, किती कुटुंबं तिचं पाणी पितात, उतार किती, रस्ता किती मीटरचा, पंचायतीची कचऱ्याची आणि पाण्याची आजची अवस्था काय. शेताबद्दल असेल तर हेही लिहा, की २०२३ पासून भातशेत बिगरशेतकऱ्याला विकायला कायद्याने बंदी आहे, मग ज्याने ते घेतलं त्याने कधी आणि कसं घेतलं ते तपासा.

आणि निराश होऊ नका हे मनापासून सांगते. २००६ मध्ये रिजनल प्लॅन २०११ आला तेव्हा नकाशे बघून लोक हादरले होते, डोंगर, किनारा, शेतं, सगळीकडे सेटलमेंटचा रंग. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, गावागावांत लोकांनी नकाशे पसरून आपापले सर्वे नंबर शोधले, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो प्लॅन मागे घ्यावा लागला. आजचा २०२१ चा प्लॅन त्यातूनच आला, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया त्याच्या टास्क फोर्समध्ये होते, आणि गावांकडून सूचना मागवून नकाशे केले गेले. त्याच्यात चुका नाहीत असं कोणीच म्हणत नाही, पण त्या चुका एकेका मालकाच्या अर्जावर, एकेका सर्वे नंबराने दुरुस्त करायच्या की अख्ख्या गावाचा नकाशा समोर ठेवून, हा खरा प्रश्न आहे. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे आणि ते मी लपवत नाही. एका अर्जावर बघितलं तर प्रत्येक जमीन छोटीच दिसते, कुठे दोन हजार मीटर, कुठे दहा हजार, त्याने काय होणार असं वाटतं. पण पाणी, रस्ता, वीज, कचरा ह्याची बेरीज कुणी करायची? ती बेरीज करायलाच तर प्लॅन असतो.

तुमच्यातच काही जणांना झोन बदलून हवा असेल हेही मला माहीत आहे. वडिलार्जित जमीन ऑर्चर्डमध्ये, मुलाला घर बांधायला दुसरी जागा नाही, तो माणूस वाईट नाही. त्याची गरज २०० मीटरची असते आणि तीच पुढे करून वीस हजार मीटरचे अर्ज आत शिरतात. अशा घरांची यादी ग्रामसभेने स्वतः करावी आणि प्लॅनच्या पुढच्या फेरतपासणीत गावाची मागणी म्हणून ठेवावी, मग विरोध कशाला आणि मान्य काय हे दोन्ही कागदावर स्पष्ट येईल.

प्रश्न (मडगाव): आमच्या कॉलनीच्या लेआउटमध्ये “ओपन स्पेस” दाखवलेली जागा आहे. पंचवीस-तीस वर्षं मुलं तिथे खेळतात. आता मूळ जमीनमालकाचे वारस म्हणतात ती जागा आमच्याच नावावर आहे आणि आम्ही तिथे बांधणार. एक-चौदावर खरंच त्यांचं नाव आहे. आता काय?

हे ठिकठिकाणी झालंय आणि त्याचं मूळ असं की प्लॉट पाडून विकले, मंजुरीची अट होती की रस्ते आणि मोकळी जागा पालिकेला किंवा पंचायतीला गिफ्ट डीड करून द्यावी, आणि ती गिफ्ट डीड कधी झालीच नाही, पालिकेनेही मागितली नाही. मालक वारला, वारसांनी उतारा काढला, त्यांना वाटलं आपली जमीन.

पण नाव असलं म्हणून बांधता येत नाही. ती मोकळी जागा दाखवून त्याच्या बदल्यात बाकीचे प्लॉट मंजूर झालेत. तुम्ही लोकांनी प्लॉटचे पैसे दिलेत ते ती जागा नकाशात बघूनच दिलेत. मंजूर लेआउटची आणि फायनल मंजुरीची सर्टिफाइड कॉपी पीडीएतून काढा, तुमच्या सेल डीडला जोडलेला प्लॅन काढा, आणि पीडीए आणि पालिका दोघांना लिहा की ह्या जागेवर कुठलीही डेव्हलपमेंट परवानगी किंवा लायसन्स देऊ नये. पालिकेला वेगळं लिहा की अटीप्रमाणे गिफ्ट डीड करून घ्या आणि आपल्या मालमत्तेच्या नोंदीत घ्या. सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा एक निकाल आहे, बेंगळुरूच्या एका लेआउटमधली पार्कची जागा नर्सिंग होमला दिली होती, तिथल्या रहिवाशांनी आव्हान दिलं आणि कोर्टाने स्पष्ट म्हटलं की पार्कसाठी राखलेली जागा अशी खाजगी वापराला देता येत नाही आणि रहिवाशांना कोर्टात यायचा हक्क आहे. चांगला वकील हा निकाल ओळखतो. तोवर जागा वापरात ठेवा, झाडं लावा, साफ ठेवा, पडीक दिसली की आधी तिथे गाड्या लागतात आणि नंतर पत्रे.

प्रश्न (वाळपई): प्लॉटिंगच्या फाईलला सहा महिने होऊन गेले, दरवेळी “प्रोसेसमध्ये आहे”. कोणीतरी म्हणालं थोडे “द्यावे” लागतात. काय करू?

काही देऊ नका. लेखी विचारा की फाईलमध्ये काय कमी आहे. आल्वारा जमीन (पोर्तुगीज काळात सरकारने कसायला दिलेली), मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर, सहमालकाची सही, वनखात्याचा रिपोर्ट, सत्तरीत ह्यातलं काहीतरी असतंच आणि ते तोंडी कधी सांगत नाहीत. वेळेत सेवा मिळायचा २०१३ चा कायदा आहे, तुमची सेवा त्याच्या यादीत आहे का आणि मुदत किती ते ऑफिसात विचारा, ते सांगायला ते बांधील आहेत. आणि माहिती अधिकारात फाईलची नोटशीट मागा, कुठल्या तारखेला फाईल कोणाच्या टेबलावर होती ते त्यात असतं.

प्रश्न (सांगे): आमच्या आजोबांनी कूळ म्हणून कसलेली जमीन कूळ कायद्याने आमची झाली, सनद पण मिळाली. आता बाजूला सगळीकडे घरं झालीत, झोन पण सेटलमेंट दाखवतो. आम्ही प्लॉट पाडले तर?

पाडता येणार नाहीत. तुम्हाला मिळालेली सनद ही कुळाच्या मालकीची सनद आहे, बिगरशेतीची नव्हे, दोन वेगळे कागद आहेत ते, नीट बघा. १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना जमिनीची मालकी मिळाली, आणि १९९१ च्या लँड यूज कायद्याने ठरवलं की अशी जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरायची नाही. नकाशात सेटलमेंटचा रंग पडला म्हणून तो कायदा बाजूला होत नाही. कोणी ब्रोकर येऊन ॲडव्हान्स देत असेल तर घेऊ नका, कारण तो व्यवहार पुढे मोडला की पैसे परत मागायला तो तुमच्याच दारात येणार आणि तोवर ते खर्च झालेले असतील. एक-चौदावर कुळाच्या रकान्यात काय लिहिलंय आणि जुन्या नोंदी काय आहेत ते मामलेदार ऑफिसातून काढून मला पाठवलंत तर पुढच्या अंकात तुमच्या जमिनीत कायद्याने काय करता येतं ते सविस्तर लिहीन, काजूची बाग, गुरांचा गोठा, शेतीचं गोदाम वगैरे.